बिनगोळीवाले सर

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या लॅबच्या जुन्या फ्रीजरमध्ये बर्फ साचतो ना, तसे ते साचतात. रोज थोडा थोडा, कोणाचं लक्ष नसते. मग एक दिवस दारच लागत नाही, अन् म्हणावं लागते, चलो, आता बसा आणि खरवडा!

तर मी खरवडायला बसली आहे. चहा घ्या अन् ऐका.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी वंदना, लॅब टेक्निशियन. अस्सल जबलपूरची, बाबा फॅक्टरीत होते, घर गढा भागात. घरी मी मराठीत ओरडते अन् मुलगा हिंदीत उत्तर देतो. लॅबमध्येही तेच! शिवानी, आमची रिसर्च स्कॉलर, जवळच्या कुंडम गावची पोरगी. मराठी सगळी समजते, तोंड उघडलं की हिंदी. अन् आमचे साहेब म्हणजे डॉक्टर बर्वे. हे थेट पुण्याहून आलेले. आमच्या मेडिकल कॉलेजात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण 'का'ऐवजी 'काहून' ऐकलं की अजूनही चष्मा सरळ करतात.

आमचं काम असं. बाळ जन्मलं की नाळ कापतात अन् फेकून देतात. आई हो म्हणाली तर ती आम्ही मागून आणतो. नाळेत एक मोठी रक्तवाहिनी असते, तिला आतून पेशींचं पातळ अस्तर असते. ते हळूच सोडवायचं अन् प्लेटमध्ये वाढवायचं. प्लेट म्हणजे अप्पेपात्रच, फक्त प्लॅस्टिकचं, खळग्या खळग्यांचं. मग अर्ध्या खळग्यांत कोलेस्टेरॉल उतरवायच्या गोळीतलं औषध टाकायचं, अर्ध्यांत नाही टाकायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेरॉक्साइड द्यायचं, तेच, जखमेवर टाकलं की फेसाळते ते. अन् पाहायचं, कोण टिकते. त्रास झालेल्या पेशी रंग टाकल्यावर हिरव्या चमकतात. जितका त्रास, तितका हिरवा उजेड.

औषधवाल्या पेशी कमी चमकतात. म्हणजे ही गोळी नुसतं कोलेस्टेरॉल उतरवते, की नसांचं अस्तर गंजू नये म्हणूनही काही करते, हे सर शोधून राहिले होते. ज्या खळग्यांत औषध नसते त्यांना इंग्रजीत कंट्रोल म्हणतात. आम्ही म्हणतो, बिनगोळीवाले. ते नसले तर प्रयोगाला काही अर्थच नाही, तुलना कोणाशी करणार?

आता गंमत पहा. सरांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल आभाळाला भिडलेलं! त्यांचे वडील याच वयात, जेवून उठले अन् बसल्या जागी गेले, हृदयानं. डॉक्टरांनी सरांना तीच गोळी लिहून दिली होती, अन् सर ती घेत नव्हते. दिवसभर पेशींना औषध चारायचं अन् स्वतः कोरडे!

विचारलं की म्हणायचे, "वंदनाताई, सगळेच गोळी घ्यायला लागले तर या खोलीत कंट्रोल कोण राहणार? मी बिनगोळीवाला!"

आम्ही हसायचो. त्यांची बायको, आमच्या बर्वेवहिनी, कधी हसल्या नाहीत.

* * *

सर नवीन होते तेव्हा नाळ मागायला स्वतः वॉर्डात यायचे. मी म्हटलं, "सर, तुम्ही काहून येता? मी आणते ना." तर म्हणाले, "नाही, लोकांना विज्ञान समजावून सांगितलं की लोक देतात."

त्या दिवशी पाटनकडची एक सून बाळंत झाली होती. सून हो म्हणाली, पण खाटेपाशी तिची आजेसासू बसली होती, पदर खोचून. तिच्या घरी नाळ शेताच्या बांधावर पुरायचा रिवाज. सरांनी तिला समजावायला घेतलं, आपल्या पुणेरी हिंदीत. "दादीजी, ऐसा है, हमारे नसों में जो अस्तर होता है ना, वो जरा गंजता है..." असं करत करत सर पार अणुरेणूपर्यंत पोचले. आजूबाजूच्या बायका बाळं सोडून यांच्याकडे पाहायला लागल्या.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इत्ती बात छोड़ो, जा बताओ, बच्चे की चीज खों दुख तो नईं दैहो?"

सर खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दुर्गुण. म्हणाले, "दुख तो देंगे, दादीजी. लेकिन उसके पहले दवा देंगे. आधों को."

"आधन खों काय? बाकी आधन ने का बिगाड़ो?"

अर्ध्यांनाच औषध का, बाकीच्या अर्ध्यांनी काय बिघडवलं, हे सर समजवायला लागले, तोवर आजीनं नाळ पदराआड घेतली अन् विषय संपला. रिकामा डबा घेऊन आम्ही परत निघालो. जिन्यात सर म्हणाले, "वंदनाताई, कंट्रोल का लागतो हे मी आजवर सगळ्या परीक्षकांना पटवून दिलंय हो." मी म्हटलं, "सर, परीक्षकांची नाळ कुठं घेऊन राहिलो आपण!"

* * *

वहिनींनी पुढं गोळीची जबाबदारी स्वतःकडं घेतली. रोज सकाळी सरांच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी घालायच्या, चष्म्याच्या घरासोबत. अन् काय चमत्कार, गोळ्या संपायला लागल्या! वहिनींनी विचारलं, "संपल्या का हो?" की सर म्हणायचे, "संपल्या." वहिनी खूश. नवी पट्टी आणायच्या.

एक दिवस त्या लॅबमध्येच आल्या, बेसनाचे लाडू घेऊन. "वंदना, तू लक्ष ठेवतेस म्हणून घेताहेत गं गोळी." मला काही कळेना. मी तर एकदाही त्यांना गोळी घेताना पाहिलं नव्हतं. पण लाडू समोर असताना वाद कोण घालते?

तेवढ्यात आतून शिवानी आली, हातात धूसर पाण्याची नळी. "सर, आपकी गोली से फिर गंदा घोल बन रहा है. पूरा फिल्टर जाम हो गया. शुद्ध वाला पाउडर कब आएगा?"

वहिनींनी विचारलं, "कोणाची गोळी?"

सर एकदम चष्मा सरळ करायला लागले.

झालं असं होतं की आमची औषधाची शुद्ध पूड बाहेरून मागवावी लागते, ती काही येऊन राहिली नव्हती. काम अडलं. तर सर रोज आपल्या खिशातली गोळी खलात कुटून पेशींना घालून राहिले होते! गोळीत औषध चिमूटभर अन् खडूसारखा भुगाच जास्त, त्यामुळं सगळं पाणी गढूळ व्हायचं. शिवानी बिचारी रोज गाळत बसायची.

सर म्हणाले, "मी एकदाही खोटं बोललो नाही. तू विचारायचीस संपल्या का, मी म्हणायचो संपल्या."

वहिनी रागावल्या नाहीत. पर्स खाली ठेवली, पदर आवरला अन् म्हणाल्या, "बघू या तरी, कोण आहेत या. दाखव गं मला." शिवानीनं मायक्रोस्कोप लावून दिला. वहिनी वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

मग म्हणाल्या, "तब्येत छान आहे हो यांची. घरच्याच माणसाची तेवढी काळजी आहे."

लाडवाचा डबा ठेवून निघून गेल्या. त्या दिवशी सरांनी एकही लाडू खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी खाल्ले.

* * *

एकदा आमच्याकडं बाहेरगावचे एक मोठे हृदयतज्ज्ञ भाषणाला आले होते. विषय होता, तेलतूप अन् रक्तवाहिन्या. एक तास असं घाबरवलं, असं घाबरवलं की मागच्या रांगेतल्या पोरांनी आपापल्या बॅगेतले चिप्स आत ढकलले.

भाषण संपलं अन् चहापानाचं टेबल उघडलं. आता जबलपुरात पाहुणा आला तर काय देणार? खोव्याची जलेबी! काळी, जाड, तुपात न्हालेली. सोबत कचोरी. व्यवस्था ऑफिसनं केली होती, त्यांना भाषणाचा विषय कोणी सांगितलाच नव्हता.

पाहुणे बशीकडं पाहतच राहिले. "ये क्या है?"

सर म्हणाले, "ये हमारे यहाँ की है. ना नहीं बोल सकते."

पाहुण्यांनी नखाएवढा तुकडा मोडला. मग अर्धी घेतली. मग उरलेली अर्धी कशाला टाकायची म्हणून घेतली. मग बशी पुढं केली. हात पुसत पुसत सरांच्या कानाशी वाकले अन् हळूच विचारलं, "डॉक्टर साहब, आप जिस गोली पर काम कर रहे हैं, वो खाने के पहले लेनी है कि बाद में?"

सर म्हणाले, "मुझसे मत पूछिए, मैं कंट्रोल हूँ." अन् स्वतःसाठी आणखी एक जलेबी उचलली.

* * *

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडची थंडी तुम्हाला माहीत नसेल तर माहीत नाहीच ते बरं. भर दुपारी कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर उडाला. इन्व्हर्टरनं थोडा वेळ धीर धरला अन् मान टाकली. इन्क्युबेटर थंड व्हायला लागला. पेशींना अंगाएवढी ऊब लागते, नाही मिळाली तर मान मोडून पडतात. आत शिवानीच्या कितीतरी आठवड्यांची मेहनत!

शिवानी रडवेली झाली. "दीदी, अब?"

मी म्हटलं, "अब क्या! अंगाएवढी ऊब पाहिजे ना? मग अंग आहे की आपल्याजवळ."

पेशींचे फ्लास्क, चपट्या बाटल्याच त्या, काढले, पुसले, स्वेटरच्या आत पोटाशी लावले. एक मी, एक शिवानी, दोन सर. व्हरांड्यात ऊन होतं तिथं बाकावर ओळीनं जाऊन बसलो, पोटावर हात धरून. हलायचं नाही, हसायचं नाही.

नेमके त्याच वेळी ऑफिसचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, पंखे अन् खुर्च्या मोजायला आले. आम्हाला पाहून थबकले. "क्यों मैडम, तीनों का पेट खराब है?"

सर डोळे मिटून म्हणाले, "धीरे बोलिए. छोटे-छोटे हैं."

बाबू निघून गेले. शिवानी म्हणाली, "अब शिकायत होगी." मलाही तसंच वाटलं. पण थोड्या वेळानं बाबू परत आले, अंगावर जाड शाल घेऊन, अन् बाकावर जागा करून बसले.

"एक मुझे भी दे दीजिए. मेरे यहाँ चार-चार पले हैं."

सरांनी आपल्या दोनांतला एक दिला अन् लाइट येईपर्यंत बसलो असे. नंतर मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर सगळ्यांत टवटवीत पेशी बाबूंच्या! सरांच्या मात्र गारठल्या होत्या. गारठतील नाही तर काय? दर थोड्या वेळानं स्वेटर वर करून 'कशा आहेत' पाहून राहिले होते.

* * *

हा किस्सा सांगताना मला अजून हसू येत नाही, पण सांगते.

लिफ्ट बंद होती. सर वॉर्डातून नाळेचा डबा घेऊन जिना चढून येत होते, मी अन् शिवानी मागं. मधल्या वळणावर सर थांबले, कठड्याला धरलं अन् पायरीवर बसले. कपाळावर घाम. एक हात छातीवर.

मी धावली. "सर, काय होऊन राहिलं?"

सर म्हणाले, "आधी डबा घ्या. बर्फ वितळेल."

"खड्ड्यात गेला तुमचा डबा!" मी इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरचे लोक वाकून पाहायला लागले. साहेबांवर ओरडायची माझी पहिलीच वेळ. डबा शिवानीच्या हातात कोंबला अन् मी सरांचा दंड धरला. त्यांच्या वडिलांची गोष्ट मला माहीत होती ना.

खाली नेलं, तपासण्या झाल्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं सगळं पाहिलं. "सर, हृदय नाही. पित्त आहे. सकाळी काय खाल्लं?"

सर म्हणाले, "पोहे." मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "अन् जलेबी. अन् कचोरी."

डॉक्टर हसला नाही. "पण तुमचा रिपोर्ट पाहिला मी. पुढच्या वेळी पित्तच असेल असं समजू नका. गोळी आजच सुरू करा."

तो गेला अन् मी तोंड सोडलं. "सर, तुम्हाला तुमची नसेल पडली. वहिनींचं काय? तुमच्या लेकीचे, मुक्ताचे दिवस भरत आले, पहिलं बाळंतपण माहेरी करायला एवढ्या लांब येऊन राहिली ती, तुमचं तोंड पाहायला की फोटोला हार घालायला? अन् या पोरीचं काय? हिच्या थीसिसला प्रयोगाचा एकच सेट राहिला आहे. मागचा बुरशीनं खाल्ला. गाइडच नाही राहिला तर ही कोणाच्या दारात जाईल?"

शिवानी कोपऱ्यात डबा छातीशी धरून उभी होती. डोळ्यांत पाणी. सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"घेतो. उद्यापासून."

आमच्या लिफ्टच्या दारावर लावलेल्या कागदावरही कित्येक दिवसांपासून तेच लिहिलेलं होतं. उद्यापासून!

* * *

अन् मग मुक्ता आली. सरांची एकुलती एक लेक, पोट सांभाळत, दोन्ही गालांवर हसू. आल्या आल्याच तिनं जाहीर केलं, "बाबा, सगळ्या जबलपूरच्या नाळा आणता ना? माझ्या बाळाची पण न्या. शिवानीचा सेट अडलाय म्हणे."

वहिनी म्हणाल्या, "अगं, नातवंडाला तरी सोडा!" पण लेक बापावर गेलेली. ऐकते होय?

मुलगी झाली. सकाळची वेळ होती, डबा घेऊन मीच गेली वॉर्डात. वहिनींनी नाळेचा एक तुकडा रुमालात बांधून ठेवून घेतला, अंगणातल्या पेरूखाली पुरायला. बाकीची माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "नीट ने गं." आजवर असं मला कोणी म्हटलं नव्हतं. जिना चढताना मी दोन्ही हातांनी डबा धरला.

पेशी अशा भराभर वाढल्या की काय सांगू! सर दिवसातून कितीदा तरी येऊन पाहायचे. "बघा वंदनाताई, कशा शिस्तीत बसल्यात एकमेकींना खेटून. वळण बर्व्यांचं आहे." मी म्हटलं, "सर, सगळ्यांच्या अशाच बसतात." तर म्हणाले, "हो, पण या जास्त."

शेवटी प्लेट तयार झाली. औषध टाकायचा दिवस आला. शिवानीनं ठरवून ठेवलं होतं, डावीकडचे खळगे औषधाचे, उजवीकडचे बिनगोळीवाले. हा सेट झाला की तिचं थीसिस बांधायला मोकळं. तिच्या घरी कुंडमला आईनं तारीख विचारून विचारून जीव नकोसा केला होता.

सर म्हणाले, "आज औषध मी टाकतो."

आमच्याकडं पाठ करून बसले. हातात पिपेट. डावीकडच्या खळग्यांत औषध टाकून झालं. मग थांबले. बराच वेळ हात तसाच वर.

"वंदनाताई, ती पाटनची आजी आठवते का?"

"कोणती?"

"नाळ न देणारी. काय म्हणाली होती हो ती?"

मी सांगितलं. "बाकी आधन ने का बिगाड़ो?"

"हं," सर म्हणाले अन् परत कामाला लागले. मी भांडी धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानीनं सगळ्या खळग्यांत पेरॉक्साइड टाकलं, रंग टाकला अन् अंधाऱ्या खोलीत प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवली. सर बाहेर खुर्चीवर बसून होते, हात मांडीवर. इतर वेळी सगळ्यांत आधी तेच डोळा लावायचे.

आतून शिवानीचा आवाज आला. "दीदी, पेरॉक्साइड मर गया लगता है. कुछ चमक ही नहीं रहा."

मी गेली. डावीकडं पाहिलं, मंद उजेड. उजवीकडं पाहिलं, तोच मंद उजेड. उजवीकडं तर हिरवंगार पाहिजे होतं! मी त्याच बाटलीतलं पेरॉक्साइड अन् तोच रंग एका जुन्या, दुसऱ्याच्या नाळेच्या प्लेटवर टाकून पाहिलं. अशी हिरवी पेटली की दिवाळी! म्हणजे बाटली ठणठणीत होती.

उजवीकडच्यांना औषध कोणी पाजलं म्हणून आम्ही दोघींनी बाहेरच्या खुर्चीकडं पाहिलं. मग शिवानीनं प्लेट उचलली अन् बाहेर सरांसमोर जाऊन उभी राहिली. पोरीचा चेहरा उतरला होता.

"सर, ये सेट तो गया."

"हो," सर म्हणाले. "माझ्यामुळे गेला. पुढची नाळ आली की सगळं सोडून तुझाच सेट लावू. मी तुझ्या आईशी बोलतो."

शिवानीनं मान हलवली. पण जागची हलली नाही. प्लेट उजेडात धरून म्हणाली, "पर सर, इसमें बिना गोली वाला कौन है?"

सरांनी खिशात हात घातला. चष्म्याचं घर बाहेर निघालं, त्याच्यामागून वहिनींची पट्टी निघाली, कोरी करकरीत. सरांनी अंगठ्यानं एक गोळी फोडून तळहातावर घेतली.

"वंदनाताई, जरा पाणी द्या."

मी पेला दिला. त्यांनी गोळी तोंडात टाकली, वरून सगळं पाणी प्यायले, रुमालानं ओठ पुसले. मग शिवानीकडं पाहून म्हणाले,

"आता कोणीच नाही."